बदकाचं डोकं बुडेल एवढं पाणी

घरात बदक आणायचं म्हटलं की पहिला प्रश्न निघतो तळ्याचा. फ्लॅटमध्ये तळं आणायचं कुठून? तळं नसलं तर एक वेळ चालेल. पण बदकाचं डोकं डोळ्यांपर्यंत बुडेल असं भांडं नसलं, तर अजिबात चालायचं नाही.

कारण चोचीवरच दिसतं. बदकाच्या नाकपुड्या चोचीच्या टोकाला नसतात, वर पार कपाळाजवळ असतात. खाताना कोंडा आणि चिखल त्यांत जाऊन बसतो. मग बदक अख्खी चोच पाण्यात खुपसतं आणि नाकातून फुर्रकन बुडबुडे काढतं. डोळेही तसेच धुतले जातात. म्हणूनच कोंबडीचं उथळ पाणपात्र बदकाला पुरत नाही. चार-पाच इंच खोल आणि सहज कलंडणार नाही असं काहीतरी हवं. सिमेंट न लागलेलं नवं घमेलं या कामाला फक्कड!

बदकाचं जेवण बघण्यासारखं असतं. कोरड्या खाद्याचा एक घास, की लगेच पाण्याकडे धाव. पाण्याचा घोट, की पुन्हा खाद्याकडे. पाणी नसेल तर कोरडा घास घशात अडकू शकतो. म्हणून रात्री पाणी उचलून ठेवणार असाल, तर खाद्यही उचला. मोठं बदक दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पाणी पितं आणि सांडतं त्याहून जास्त. चोचीच्या कडांना कंगव्यासारखे बारीक दाते असतात. पाणी गाळून त्यातलं खाणं वेचायची ती सोय. खाद्य चोचीतून घमेल्यात आणि घमेल्यातून चोचीत असा उद्योग चालला, की दहा मिनिटांत पाण्याचं पिठलं होतं. ते दिवसातून दोन-तीनदा ओतून नवं भरा, कंटाळा करू नका. उन्हाळ्यात कुजलेल्या पाण्यात बॉट्युलिझमचे जंतू वाढतात. मान लुळी पडून बदक दगावतं. घमेल्याखाली जाळी घातलेला मोठा ट्रे ठेवला, तर लादी ओली राहत नाही आणि बदकाचे पायही. कडक, ओल्या फरशीवर तळपायांना जखमा होऊन त्या चिघळतात.

अळवावरचं पाणी आपण रोजच्या बोलण्यात वापरतो. बदकाच्या पाठीवरचं पाणीही त्याच जातीचं! अळवाच्या पानावर मेणाचे सूक्ष्म उंचवटे असतात, त्यांच्यात हवा अडकते आणि थेंब टेकायला जागा मिळत नाही. पिसांच्या एकमेकांत गुंतलेल्या तंतूंमध्येही हवा अशीच धरलेली असते. वर शेपटीच्या बुडाशी तेलाची ग्रंथी आहेच.

आता मोरीत टब ठेवून पाच मिनिटं नुसतं बघत बसा. बदक आधी डोकं बुडवतं आणि झटक्यात वर काढून पाणी पाठीवर उडवतं. एकदा, दोनदा, दहादा! मग पंखांची फडफड, शेपटीची थरथर. बाहेर आलं की मान मागे वळवून हनुवटी त्या ग्रंथीवर घासायची आणि अंगभर एकेक पीस विंचरत बसायचं. अंघोळ मिळालीच नाही तर हे विंचरणं मंदावतं, पिसं विस्कटतात आणि एक दिवस आपलं बदक चक्क भिजतं. साबण किंवा शाम्पू मात्र कधीही लावू नका. तेल धुऊन निघालं की तीच गत.

शॉवर चालतो का? उत्तम चालतो! ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ साली हे तपासून प्रसिद्ध केलं. काही बदकांना छोटं तळं, काहींना पन्हळीसारखं लांबट पात्र, काहींना शॉवर आणि काहींना प्यायला फक्त तोटी दिली. तोटीवाल्यांचे डोळे आणि नाकपुड्या सगळ्यांत मळक्या राहिल्या. शॉवरवाली बदकं तळ्यातल्या बदकांच्या तोडीस तोड निघाली. मला ही बातमी फार आवडते, कारण शॉवर घरोघरी असतो.

पिल्लांचं मात्र वेगळं. आईविना वाढणारं पिल्लू लवकर भिजतं आणि गारठतं. पहिले काही आठवडे त्याच्या पाण्यात गोटे टाका, म्हणजे चोच बुडेल पण पिल्लू बुडणार नाही. अंघोळ कोमट पाण्याची, थोडा वेळ, आणि तुम्ही शेजारी बसून.

हे सगळं पाळीव बदकांबद्दल, आणि पाळायचीच तर दोन पाळा; एकटं बदक झुरतं. हळदी-कुंकू किंवा अडई अशी आपल्याकडची रानबदकं पकडून घरात ठेवणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

घरात राहणाऱ्या बदकांचा सगळ्यांत मोठा थाट अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात बघायला मिळतो, पीबॉडी हॉटेलात. १९३०च्या दशकात हॉटेलचे व्यवस्थापक फ्रँक शट शिकारीहून परतले आणि गंमत म्हणून त्यांनी जिवंत बदकं लॉबीतल्या कारंज्यात सोडली. पाहुणे खूश! १९४० साली एडवर्ड पेम्ब्रोक पुढे आले. ते पूर्वी सर्कशीत प्राणी शिकवायचे. त्यांनी बदकांना रांगेत चालायला शिकवलं आणि १९९१ पर्यंत 'डकमास्टर' म्हणून त्यांची काळजी वाहिली. आजही एक नर आणि चार माद्या सकाळी ११ वाजता छतावरच्या आपल्या घरातून लिफ्टने खाली येतात, बँडच्या सुरावर लाल गालिच्यावरून डुलत चालतात आणि संगमरवरी कारंज्यात उड्या टाकतात. संध्याकाळी ५ वाजता त्याच थाटात परत. तीन महिन्यांनी त्यांना शेतावर धाडतात आणि नवी पाच येतात. हॉटेलात खायला हवं ते मागवा, बदक मात्र मिळणार नाही.