चेंडूचा कारागीर : क्लॅरी ग्रिमेट

पेन्शनीचा कागद हातीं पडल्याचा दिवस ज्यांच्या स्मरणांत असेल, त्या वाचकांस ऑस्ट्रेलियाचे गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांची हकीकत जिव्हाळ्याची वाटावी.

1891 सालच्या नाताळांत, न्यूझीलंडांतील डनेडिन येथें त्यांचा जन्म झाला. व्यवसाय पाट्या रंगविण्याचा. 1914 मध्यें ते सिडनीस गेले, तेथून मेलबर्नला. व्हिक्टोरियाच्या संघानें त्यांस फारच थोडे सामने खेळूं दिले. पण हे गृहस्थ हिरमुसले नाहींत. घरामागच्या आवारांत त्यांनीं खेळपट्टी केली आणि एक फॉक्स टेरिअर कुत्रा शिकवून तयार केला. सगळे चेंडू टाकून होईपर्यंत तो निमूट बसे, मग एकेक आणून देई. (इतका आज्ञाधारक विद्यार्थी आमच्या वांट्यास क्वचितच आला.)

अखेर ॲडलेडला बिऱ्हाड केल्यावर दैव फिरलें. 1925 सालीं सिडनीस इंग्लंडविरुद्ध ते पहिला कसोटी सामना खेळले, तेव्हां वय तेहतीस! पहिल्या डावांत 45 धावांत 5 व दुसऱ्यांत 37 धावांत 6 बळी. मूर्ति ठेंगणी, डोक्यावर सदैव टोपी, हात खांद्यापाशीं जवळजवळ आडवा फिरे; पण टप्पा चुकेल तर शपथ. लेगब्रेक हें त्यांचें मुख्य अस्त्र. शिवाय अंगठा व बोटें यांच्या चिमटींतून चेंडू निसटवून ते टप्प्यानंतर तो खालून झपाट्यानें सरळ घुसवीत. यासच पुढें ‘फ्लिपर’ हें नांव पडलें. तो टाकतांना बोटांची चुटकी वाजे व फलंदाज सावध होई. म्हणून साधा लेगब्रेक टाकतांना ते डाव्या हातानें चुटकी वाजवीत, असें सांगतात. या बुद्धीस काय म्हणावें!

1930 च्या इंग्लंड-दौऱ्यांत कसोट्यांत 29 बळी. पुढें बिल ओरायली जोडीस आले. हे ओरायली पेशानें शिक्षक, हें आम्ही मुद्दाम नमूद करतों. 1935-36 मध्यें दक्षिण आफ्रिकेंत ग्रिमेट यांनीं पांच कसोट्यांत 44 गडी टिपले, पैकीं डर्बनच्या शेवटच्या सामन्यांत 13. एकंदर 37 कसोट्यांत 216. कसोटी सामन्यांत दोनशेंचा पल्ला गांठणारा त्यांच्याआधीं कोणी झाला नव्हता.

आणि डर्बननंतर त्यांस पुन्हां बोलावणेंच आलें नाहीं. वय चव्वेचाळीस झालें होतें खरें. पण 44 बळी घेणाऱ्या हातास म्हातारा कोणत्या न्यायानें म्हणावयाचें? 1938 सालीं इंग्लंडला फ्रँक वॉर्ड यांस नेलें; त्यांस एकच कसोटी मिळाली व बळी एकही नाहीं. कर्णधार ब्रॅडमन हे निवड-समितींतहि होते. ब्रॅडमन यांच्या थोरवीविषयीं आम्हांस शंका नाहीं, तथापि हा निर्णय आमच्या मनास पटत नाहीं. ओरायली यांसहि तो अखेरपर्यंत पटला नाहीं.

त्यापूर्वीं 1937 मध्यें ॲडलेडला ग्रिमेट व व्हिक रिचर्डसन यांच्या मदतीसाठीं सामना झाला. ब्रॅडमन खेळणार म्हणून लोक लोटणार आणि उत्पन्न या दोघांस मिळणार, असा बेत. ग्रिमेट यांनीं ब्रॅडमन यांचा 17 धावांवर त्रिफळा उडविला. दुसऱ्या दिवसाचीं तिकिटें कोण घेतो!