खेळण्यातील जुन्या आगगाड्यांचे मोल

खेळण्यातील जुन्या आगगाडीचे संग्राह्य मूल्य ठरवताना तिचे वय हा सर्वांत कमी भरवशाचा निकष आहे. मोठ्या संख्येने विकली गेलेली आणि मुलांच्या हाती झिजलेली शंभर वर्षांपूर्वीची चावीची गाडी आज किरकोळ किमतीला मिळू शकते. उलट तिच्यानंतर कित्येक वर्षांनी निघालेला, बाजारात फारसा न खपलेला आणि मूळ खोक्यात तसाच राहिलेला संच घेण्यासाठी संग्राहक मोठी रक्कम मोजतात. वस्तू कारखान्यातून निघाली त्या अवस्थेत किती उरली आहे आणि ती कोणाला हवी आहे, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर तिचे मोल अवलंबून असते. अमेरिकेतील ‘लायोनेल’ या कंपनीच्या गाड्यांवरून हे विशेष स्पष्ट होते, कारण त्यांच्या निर्मितीचा तपशील संग्राहकांनी अत्यंत बारकाईने नोंदवून ठेवला आहे.

जोशुआ लायोनेल कोवेन यांनी 1900 साली न्यूयॉर्कमध्ये ही कंपनी सुरू केली. त्यांची विजेवर चालणारी पहिली गाडी दुकानाच्या दर्शनी खिडकीत गिऱ्हाईक खेचण्यासाठी ठेवायची होती, परंतु लोक ती गाडीच विकत मागू लागले आणि धंद्याला निराळी दिशा मिळाली. 1906 साली कंपनीने ‘स्टँडर्ड गेज’ आणला. गेज म्हणजे दोन रुळांमधील अंतर, आणि या मापात ते सुमारे 54 मिलिमीटर होते. पुढे 32 मिलिमीटरच्या सुटसुटीत ‘ओ गेज’ने त्याची जागा घेतली. दुसऱ्या महायुद्धामुळे 1942 साली खेळण्यांचे उत्पादन थांबले आणि 1945 साली ते पुन्हा सुरू झाले. म्हणूनच संग्राहक या गाड्यांची ‘युद्धपूर्व’ आणि ‘युद्धोत्तर’ अशी विभागणी करतात, आणि गाडी यांपैकी कोणत्या कालखंडातील आहे हे ओळखणे ही मूल्यमापनाची पहिली पायरी असते.

दुर्मीळपणाचे कारण पुष्कळदा यशात नव्हे तर अपयशात सापडते. 1957 साली लायोनेलने खास मुलींसाठी एक संच काढला, ज्यात इंजिन गुलाबी, कोळशाची वाघीण फिकट जांभळी, बंद वाघिणी फिकट पिवळ्या व निळसर आणि गार्डचा डबा आकाशी रंगाचा होता. आगगाडीची आवड असलेल्या मुलींना खऱ्या गाडीसारखी दिसणारी गाडीच हवी होती, त्यामुळे हा संच पडून राहिला. पण जो थोडाच विकला गेला तोच आज युद्धोत्तर काळातील सर्वांत मागणी असलेल्या संचांमध्ये मोडतो. अशा मागणीबरोबर फसवणूकही येते. या संचातील इंजिनाचा साचा 2037 क्रमांकाच्या नेहमीच्या काळ्या इंजिनाचाच असल्याने, ते स्वस्त इंजिन गुलाबी रंगवून विकणे अवघड नाही. त्यामुळे जाणकार खरेदीदार बाहेरचा रंग पाहून थांबत नाही, तर आतील बाजू, स्क्रूची भोके आणि कडा तपासून तेथे जुना काळा रंग डोकावतो का हे पाहतो.

वस्तूच्या अवस्थेसाठी अमेरिकेतील ‘ट्रेन कलेक्टर्स असोसिएशन’ या 1954 साली स्थापन झालेल्या संघटनेच्या श्रेणी सर्वमान्य आहेत. कारखान्यातून आली तशीच असलेली वस्तू ‘मिंट’ म्हणवली जाते, आणि तेथून उतरत्या क्रमाने ‘लाइक न्यू’, ‘एक्सलंट’, ‘व्हेरी गुड’, ‘गुड’, ‘फेअर’ आणि ‘पुअर’ या पायऱ्या येतात. यांपैकी ‘व्हेरी गुड’ आणि ‘गुड’ यांच्यामधील सीमा विशेष महत्त्वाची आहे, कारण वरच्या बाजूला बारीक ओरखडे चालतात, पण पोचे किंवा गंज असेल तर वस्तू त्या सीमेच्या खाली जाते. पुन्हा रंगवलेली गाडी कितीही सुरेख दिसली तरी ती या मोजपट्टीवर मूळ वस्तू म्हणून बसत नाही, आणि प्रामाणिक विक्रेता तसे आधीच सांगतो. जुना रंग आणि नवा रंग अतिनील प्रकाशाखाली बहुधा वेगळे चमकतात. तसेच आधुनिक कागदात उजळपणासाठी मिसळलेल्या द्रव्यांमुळे तो या प्रकाशात निळसर पांढरा दिसतो, म्हणून युद्धपूर्व म्हणून विकला जाणारा खोका अस्सल आहे की नव्याने छापलेला, हे तपासण्यासही हा प्रकाश उपयोगी पडतो.

खोक्याला महत्त्व देणे अनेकांना अतिरेकी वाटते, पण त्यामागे ठोस कारण आहे. पुठ्ठ्याचे खोके मुले फाडून टाकत असत, त्यामुळे ते गाडीपेक्षाही विरळ झाले. शिवाय त्यांवरील क्रमांकांवरून कोणत्या वाघिणी कोणत्या इंजिनाबरोबर विकल्या गेल्या हे सिद्ध होते. असा पुरावा नसताना वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळा केलेले डबे एकत्र करून ‘संपूर्ण संच’ म्हणून विकता येतात. चाकांची चौकट, म्हणजे बोगी, आणि डबे जोडणारे कपलिंग यांची रचना लायोनेलने वेळोवेळी बदलली असल्याने, एखाद्या वाघिणीला तिच्या काळाबाहेरचे कपलिंग असेल तर ती दुसऱ्या गाडीचे अवयव जोडून तयार केली आहे, असा संशय घ्यावा लागतो. 1946 सालच्या धूर सोडणाऱ्या इंजिनांत धुराची गोळी खोलगट काचेच्या दिव्यावर तापत असे आणि 1947 पासून त्या जागी तापणारी तार आली. त्यामुळे मूळ दिवा शाबूत असलेले 1946 चे इंजिन जाणकारांना अधिक मोलाचे वाटते.

बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या गाडीचे सर्वांत मोठे संकट तिच्या धातूत दडलेले असते. युद्धपूर्व काळात जस्ताच्या मिश्रधातूचे ओतकाम करताना त्यात शिसे यांसारखी अशुद्धी राहिली, तर कालांतराने धातूचे कण एकमेकांपासून सुटतात, भाग फुगतो, त्याला भेगा पडतात आणि अखेर त्याचा चुरा होतो. संग्राहक याला ‘झिंक पेस्ट’ म्हणतात. इंग्लंडमधील हॉर्नबी या नाममुद्रेच्या 1938 सालच्या ‘डब्लो’ मालिकेतील गाड्यांनाही हा रोग जडलेला आढळतो. एकदा सुरू झालेली ही झीज भरून काढण्याचा उपाय नाही, म्हणून खरेदीपूर्वी चाके आणि चौकट वाकडी झाली आहे का, सूक्ष्म चिरा आहेत का, हे हाताने आणि भिंगाने पाहावेच.

मागणी मात्र पिढीबरोबर बदलते. युद्धोत्तर काळातील गाड्यांशी खेळलेली मुले आज वृद्ध झाली असून त्यांचे संग्रह बाजारात येत आहेत, त्यामुळे साधारण प्रतीच्या गाड्यांची किंमत पूर्वीइतकी राहिलेली नाही. दुर्मीळ आणि अस्पर्शित संचांची किंमत मात्र अजूनही टिकून आहे. भाव ठरवताना विक्रेत्याने मागितलेल्या रकमेकडे नव्हे, तर लिलावात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या तशाच अवस्थेतील वस्तूच्या रकमेकडे पाहावे. आणि घरात अशी गाडी सापडल्यास ती पॉलिशने घासू नये, निघालेला रंग भरू नये आणि फाटका खोका फेकून देऊ नये, कारण त्या क्षणी नष्ट झालेले मोल कोणत्याही दुरुस्तीने परत येत नाही.