एक लाख फायली आणि गट नंबर

पुण्याहून नाशिक रस्त्याने निघालं की चाकणच्या अलीकडे खेड तालुक्यातलं कुरुळी लागतं. समजा, इथल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये प्रत्येक पार्टचा फोटो काढणारा कॅमेरा आहे आणि त्याच्या लिनक्स संगणकावर एकाच फोल्डरमध्ये एक लाख फोटो साठलेत. ऑपरेटर फायलींची सविस्तर यादी पाहायला ‘एलएस -एल’ टाइप करून एंटर मारतो. स्क्रीन ढिम्म! एवढा वेळ संगणक करतो तरी काय?

नुसती नावं हवी असतील तर काम सोपं आहे. एलएस कर्नलकडून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडून, नावं घाऊक उचलतो. एका खेपेला 32 केबीचा बफर, म्हणजे साधारण हजारभर नावं. शे-सव्वाशे खेपांत लाखभर नावं हातात येतात. पण ‘-एल’ लावलं, की प्रत्येक फाइलचा आकार, मालक आणि तारीखही लागते. ही माहिती फोल्डरमध्ये नसतेच. ती आयनोड नावाच्या स्वतंत्र नोंदीत असते आणि तिच्यासाठी एलएस दर फाइलमागे किमान एक विचारणा करतो. शंभराचे थेट एक लाख झाले!

त्यात ईएक्सटी4 फाइल सिस्टिम मोठ्या फोल्डरमधली नावं हॅशच्या, म्हणजे नावावरून काढलेल्या आकड्याच्या, क्रमाने देते, त्यामुळे आयनोड नंबर उलटसुलट येतात. मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कवर हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी 4 मिलिसेकंद लागतात. दर नोंदीला नव्याने थांबावं लागलं, तर लाख फायलींची नुसती वाट बघण्यातच जवळजवळ सात मिनिटं जातील.

इथे एक साधी युक्ती कामी येते. कुरुळीत कंपन्यांचे पत्ते गट नंबरवर चालतात. कुरियरवाला कंपन्यांच्या नावांच्या क्रमाने निघाला तर दिवसभर भटकेल. गट नंबर लावून निघाला तर एका फेरीत मोकळा होईल. फायली पुसणारा ‘आरएम’ आणि जागा मोजणारा ‘डीयू’ हे जीएनयूचे प्रोग्रॅम नेमकं हेच करतात. फोल्डरमध्ये दहा हजारांहून जास्त नावं असली, की ते आधी आयनोड नंबरांनी रांग लावतात आणि मगच डिस्कला हात घालतात. एक आयनोड 256 बाइटचा, डिस्कचा ब्लॉक 4 केबीचा. म्हणजे एका वाचनात सोळा नोंदी मिळतात. नोंदी सलग असतील तर लाखाचं काम 6,250 वाचनांत उरकतं. डिस्क तीच, प्रोसेसर तोच, बदलला तो फक्त क्रम!

एसएसडीवर फिरण्याचा वेळ वाचतो, पण विचारणा लाखभर तरी राहतातच. म्हणून नवी मशीन मागवण्याआधी संथ आज्ञेपुढे ‘एसट्रेस -सी’ लावून पाहा. कुठली विचारणा किती वेळा झाली, याचा हिशेब समोर येईल. आणि फक्त नावंच हवी असतील, तर ‘एलएस -एफ’ वापरा, एफ मात्र लहान लिपीतला. तो ना क्रम लावतो, ना नको त्या चौकशा करतो.