वाशिमच्या उन्हातला सोपा गुलाब

वाशिम शहरातल्या एका वाचक भगिनींचा प्रश्न आला आहे. घरापुढे जेमतेम दहा बाय आठ फुटांची मोकळी जागा, माती काळी. दर हिवाळ्यात त्या रोपवाटिकेतून गुलाब आणतात, तो फेब्रुवारीपर्यंत फुलतो आणि मे महिन्यात वाळून जातो. बुटका, गुच्छानं फुलणारा, फार देखभाल न मागणारा गुलाब असतो असं त्यांनी ऐकलं आहे. तो आमच्याकडे जगेल का, असं त्या विचारतात.

जगेल. मात्र 'कमी देखभालीचा' ही चिठ्ठी त्या झाडाला कुणी लावली, कुठल्या हवेत लावली, हे आधी पाहायला हवं.

हा गुलाब म्हणजे फ्लोरिबंडा. एका दांड्यावर एकच मोठं फूल धरणारा तो हायब्रीड टी. आपल्याकडे शेतकरी बाजारासाठी लावतात तो ग्लॅडिएटर याच गटातला. झुपक्यानं बारीक फुलं देणारा तो पॉलिअँथा. या दोघांच्या संकरातून डेन्मार्कमधल्या पोल्सेन कुटुंबानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नवा गट घडवला. स्वेन पोल्सेन यांची 'एल्स पोल्सेन' आणि 'कर्स्टन पोल्सेन' ही दोन झाडं १९२४ साली बाजारात आली. उत्तरेकडच्या कडक थंडीत टिकेल आणि तरी झुपक्यांनी फुलेल असं झाड त्यांना हवं होतं.

या संकरात गुणसूत्रांचा एक सुरेख योगायोग आहे. गुलाबाचा मूळ संच ७ गुणसूत्रांचा. पॉलिअँथात बहुधा १४ असतात, हायब्रीड टीमध्ये २८. त्यांच्या संततीत येतात २१, म्हणजे तीन संच. तीन संचांची समान वाटणी होत नाही, त्यामुळे अशा झाडाला बी धरणं जड जातं. बी नाही म्हणजे फळ पोसायचं काम नाही, आणि झाड लगेच पुढच्या कळ्यांकडे वळतं. पुढे चार संचांचे फ्लोरिबंडा तयार झाले, ते फळ धरतात. म्हणून सुकलेला गुच्छ खुडायचा असतो. त्या सुंदर पहिल्या झाडांना निसर्गानं जे दिलं होतं, ते आता माळी कात्रीनं देतो.

बारमाही फुलण्याचा गुण मात्र डेन्मार्कचा नाही. युरोपातले जुने गुलाब, एखादा अपवाद सोडला, तर वर्षातून एकदाच फुलत. पुन्हा पुन्हा फुलणारे गुलाब चिनी माळ्यांनी शतकानुशतकं जपले होते. ते युरोपात पोचले अठराव्या शतकाच्या अखेरीस, ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून, आणि त्यातले काही आले कलकत्त्यामार्गे. कंपनीशी संबंधित गिल्बर्ट स्लेटर यांच्या नावानं ओळखला जाणारा गडद लाल चिनी गुलाब याच वाटेनं १७९० च्या आसपास इंग्लंडला गेला. फ्रेंच लोकांनी तर या सगळ्या झाडांना 'बंगालचा गुलाब' असंच नाव दिलं.

हे झाड बारमाही का फुलतं, याचं उत्तर मिळायला त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षं लागली. २०१२ साली फ्रेंच आणि जपानी संशोधकांनी ते दाखवून दिलं. गुलाबात केएसएन नावाचं एक जनुक आहे. त्याचं काम फुलण्याला आवर घालण्याचं. वसंतातला बहर झाला की ते काम सुरू करतं आणि नव्या फुटींना नुसती पानं येतात. चिनी गुलाबात कधीतरी, एका उड्या मारणाऱ्या जनुकाचा लांबलचक तुकडा नेमका या जनुकाच्या मधोमध येऊन बसला. कुलपात काडीचा तुकडा मोडून अडकावा तसं झालं: कुलूप जागेवर आहे, पण लागत नाही. त्यामुळे प्रत्येक नवी फूट टोकाला कळी घेऊनच येते. असे उड्या मारणारे जनुक बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्यात शोधले, तेव्हा बरीच वर्षं त्यांचं म्हणणं फारसं कुणी मनावर घेतलं नाही. नोबेल मिळालं ते १९८३ साली, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी. आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक बारमाही गुलाबात तोच मोडलेला तुकडा आहे. वाशिमच्या अंगणातल्या गुलाबातही.

आता त्या चिठ्ठीकडे येऊ. जर्मनीत १९५० पासून एडीआर नावाची गुलाबांची परीक्षा होते. वेगवेगळ्या ठिकाणच्या बागांत झाडं काही वर्षं वाढवून पाहतात, आणि १९९७ पासून या परीक्षेत रासायनिक फवारणी बंद आहे. परीक्षा खरोखर कडक आहे. अमेरिकेत विल्यम रॅडलर यांचा 'नॉक आउट' २००० साली आला, आणि बिनकष्टाचा गुलाब म्हणून त्याचा प्रचंड गाजावाजा झाला. या दोन्ही ठिकाणी मुख्य शत्रू एकच, पानांवरचे काळे ठिपके. हा बुरशीचा रोग. तिचे बीजाणू रुजायला पान सलग सातेक तास ओलं राहावं लागतं. जिथे वर्षभर रिपरिप असते तिथे ही बुरशी अख्खं झाड नागडं करते, म्हणून तिथे तिला तोंड देणारं झाड 'सोपं' ठरतं.

वाशिमला पान सात तास ओलं राहतं ते पावसाळ्यात. दिवाळीनंतर हवा इतकी कोरडी होते की काळ्या ठिपक्यांचं फारसं भय उरत नाही. उरतात त्या वेगळ्याच अडचणी: हिवाळ्यात भुरी, उन्हाळ्यात लाल कोळी, चाळीस अंशांपुढचं ऊन आणि चुनखडीची काळी माती. यांतली भुरी सोडली, तर बाकीच्या तिन्हींची परीक्षा जर्मनीतल्या किंवा अमेरिकेतल्या वाफ्यात मनापासून झालेली नसते. परदेशी चिठ्ठी खोटी नाही, पण ती आपल्या गावाबद्दल फारसं काही सांगत नाही.

मातीचं उदाहरण घ्या. आपली काळी जमीन बेसाल्टची, आणि बेसाल्टमध्ये लोह भरपूर. तरी याच मातीत गुलाबाची कोवळी पानं पिवळी पडतात आणि फक्त शिरा हिरव्या राहतात. जिल्ह्यातल्या संत्रा बागायतदारांना हे दृश्य ओळखीचं आहे. मातीत लोह आहे, पण विरघळलेलं नाही. गुलाबाचं मूळ स्वतः आम्ल सोडून लोह सुटं करून घेऊ पाहतं. मातीतला चुना ते आम्ल तिथल्या तिथे मारून टाकतो. वर पाणी साचलं तर हा त्रास आणखी वाढतो. अशा मातीत हिराकस टाकला तरी तो थोड्याच दिवसांत बांधला जातो. ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह मात्र चुन्याच्या मातीतही टिकतं. वापरलेल्या चहाच्या पत्तीनं माती आम्ल होते, असं चित्रफितींत छातीठोकपणे सांगतात. चुनखडीच्या जमिनीपुढे चहाच्या पत्तीचं काही चालत नाही. बटाट्यात फांदी खोचून गुलाब लावण्याचा प्रकारही तसाच. बटाटा कुजतो आणि बहुतेक वेळा फांदीलाही सोबत नेतो.

मग आपल्या उन्हात, आपल्या मातीत पारखलेला गुलाब कुणी तयार केला का? केला, आणि ज्यानं केला त्या माणसाचं नाव आज फार थोड्यांना माहीत आहे. हरितक्रांतीची गोष्ट सांगताना आपण बोरलॉग आणि स्वामिनाथन ही दोन नावं घेतो, आणि ती घ्यायलाच हवीत. बेंजामिन पियरी पाल यांचं नाव मात्र राहून जातं. १९०६ साली पंजाबात जन्म, बालपण ब्रह्मदेशात. केंब्रिजमध्ये त्यांनी शिक्षण घेतलं ते रोलंड बिफेन यांच्या परंपरेत. गव्हाची तांबेऱ्याला तोंड देण्याची ताकद मेंडेलच्या नियमांनी वारशात उतरते, हे दाखवणारे हे बिफेन. पाल १९५० ते १९६५ दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे संचालक होते आणि १९६५ पासून भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक. तांबेऱ्याच्या तीनही प्रकारांना तोंड देणारा एन.पी. ८०९ हा गहू त्यांच्या कामातून १९५४ साली आला. बोरलॉग यांचे मेक्सिकन गहू आपल्याकडे रुजले ते या तयार जमिनीवर.

आणि हा माणूस गुलाबांनी वेडा होता. गव्हावर जी शिस्त, तीच गुलाबावर: संकर करायचा, रोपं वाढवायची, दिल्लीच्या जून महिन्यात कोण उभं राहतं ते पाहायचं, बाकीची काढून टाकायची. थंड देशात जन्मलेल्या जातींचे रंग आपल्या उन्हात विटतात, फुलं लहान पडतात, हे त्यांनी पाहिलं होतं. विटण्यामागे साधं रसायन आहे. पाकळीतला लाल-गुलाबी रंग देणारं अँथोसायनिन गरम हवेत कमी तयार होतं. त्यामुळे त्याच झाडाचं जानेवारीतलं फूल गडद असतं आणि एप्रिलमधलं फिकं. पाल यांनी स्वतः कितीतरी जाती तयार केल्या. 'दिल्ली प्रिन्सेस' हा गुलाबी फ्लोरिबंडा १९६३ चा. त्यानंतर आलेला 'बंजारन' हाही त्यांचाच फ्लोरिबंडा. बंजारा समाजाचं तीर्थ असलेल्या पोहरादेवीच्या या वाशिम जिल्ह्यात तो कुणाच्या अंगणात फुललेला पाहायला मला फार आवडेल. संस्थेतून पुढे 'हिमांगिनी' हा हस्तिदंती पांढरा, 'मोहिनी' हा तपकिरी चॉकलेटी, 'सदाबहार', 'सूर्योदय' असे किती तरी फ्लोरिबंडा आले. पाल १९८९ साली गेले. १९६६ साली त्यांनी लिहिलेलं 'द रोझ इन इंडिया' हे पुस्तक अजूनही उपयोगी आहे.

त्यांचा विचार आणखी पुढे नेला तो एम. एस. विराराघवन यांनी. भारतीय प्रशासकीय सेवेतून बाहेर पडून त्यांनी कोडाईकनालला पत्नी गिरिजा यांच्यासह गुलाबांचे संकर केले, आणि आपल्याच उपखंडातले रानगुलाब, रोझा क्लिनोफिला आणि रोझा जायगँटिया, त्यात आणले. उष्ण देशाचा गुलाब उष्ण देशातल्या रानगुलाबापासूनच घडवावा, हा त्यांचा आग्रह. मला तो पूर्ण पटतो. दुःख एवढंच की या जाती आपल्या तालुक्यांतल्या रोपवाटिकांत नावानिशी मिळत नाहीत. तिथे असतो तो 'काश्मिरी', 'डच' किंवा 'बटन' गुलाब, आणि त्या नावांतून झाडाच्या घराण्याचा काहीच पत्ता लागत नाही.

दहा बाय आठच्या जागेत फ्लोरिबंडाची चार-पाच झाडं आरामात मावतात, दोघांत दोन फूट अंतर ठेवून. जागा पूर्वेकडची निवडा. सकाळचं पाच-सहा तास ऊन मिळावं आणि दुपारी एकनंतर भिंतीची सावली पडावी. काळी माती पावसाळ्यात फुगून पाणी धरते आणि उन्हाळ्यात भेगाळून मुळं तोडते, म्हणून वाफा जमिनीपेक्षा फूटभर उंच करा, त्यात मुरूम आणि कुजलेलं शेणखत भरपूर मिसळा, वर सोयाबीनच्या कुटाराचं आच्छादन द्या. पाणी सकाळी, बुडाशी. लाल कोळी दिसला तर मात्र पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा मारा. तोही सकाळीच, म्हणजे पानं तासाभरात वाळतात. छाटणी दसऱ्यानंतर, हलकी; हायब्रीड टीसारखी खोल छाटू नका, दोन फुटांवर थांबा आणि कापलेल्या जागी बोर्डोमलम लावा. सहा-सात आठवड्यांत गुच्छ येतात. डोळा भरलेल्या, म्हणजे कलम केलेल्या, जागेच्या खालून फूट निघाली तर ती खुंटाची आहे. ती वरून कापली तर पुन्हा येते. मुळाशी माती उकरून ओढून काढा.

रोप निवडायला हिवाळ्यात जाऊ नका. जानेवारीत सगळेच गुलाब देखणे असतात. एप्रिलच्या शेवटी रोपवाटिकेत जा आणि ज्या झाडाची पानं उघड्या उन्हात ठेवूनही हिरवी आहेत, पानांखाली कोळ्याची जाळी नाही, आणि लहान का होईना पण गुच्छ धरलेला आहे, ते हेरून ठेवा. नाव विचारा, नसेल तर त्याच झाडाचा डोळा भरलेलं रोप मागा. लावायचं मात्र पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात.