मोटारीचा मागचा डोळा

मोटार पुढें चालवितांना चालकाला रस्ता दिसतो. ती मागें घेतांना मात्र तो बराचसा अंदाजावर विसंबतो. मागच्या कांचेची खालची कड जमिनीपासून कमरेइतकी उंच असते. तिच्या खालीं, बंपरला लागून जी जागा असते ती आरशांत दिसत नाहीं आणि मान वळवूनहि दिसत नाहीं. मोठें माणूस तेथें उभें असेल तर निदान त्याचें डोकें तरी नजरेस पडेल. पण नुकतेंच धांवूं लागलेलें मूल, वाकून कांहीं उचलणारी म्हातारी किंवा गाडीच्या सावलींत निजलेलें कुत्रें यांचा पत्ताच लागत नाहीं. अशा वेळीं गाडीचा वेग माणसाच्या चालीइतकाच असतो, जागा घरच्या अंगणाची असते, आणि चालविणाराहि बहुधा घरचाच असतो. या अपघातांचें दुःख निराळें आहे तें याचमुळें.

अमेरिकेंत न्यूयॉर्क राज्यांतील लाँग आयलंड येथें २००२ सालीं दोन वर्षांचें एक मूल घराच्या दारांतच आपल्या वडिलांच्या गाडीखालीं सांपडून गेलें. त्याच्या नांवाचा कायदा २००८ सालीं झाला, त्याखालील नियम ठरण्यास २०१४ साल उजाडलें, आणि १ मे २०१८ पासून त्या देशांत सर्व नव्या हलक्या मोटारींना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. नियम करतांना तेथील रस्ता-सुरक्षा खात्यानें जो हिशेब मांडला, त्यांत गाडी मागें घेतांना दरसाल सुमारें २१० माणसें मरतात व १५,००० जखमी होतात असें आढळलें. मृतांपैकीं शेंकडा ३१ पांच वर्षांखालील मुलें, आणि शेंकडा २६ सत्तर वर्षें व त्यापुढील वृद्ध. कल्पना मात्र फार जुनी आहे. ब्यूइक कंपनीनें १९५६ सालीं प्रदर्शनांत मांडलेल्या ‘सेंच्युरियन’ नांवाच्या गाडीला आरशांऐवजीं मागें टेलिव्हिजनचा कॅमेरा बसविला होता; परंतु बाजारांत विकावयाच्या गाडींत तो येण्यास १९९१ साल लागलें, आणि तोहि जपानांतील टोयोटा सोअररमध्यें.

भारतांत १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागच्या अडथळ्याची सूचना देणारे सेन्सर आवश्यक केले गेले. त्यांचा उपयोग आहेच. पण मागें भिंत आहे कीं मूल आहे, हें भोंग्याला सांगतां येत नाहीं. त्यापूर्वींच्या कितीतरी गाड्यांत सेन्सर नाहीं आणि कॅमेराहि नाहीं. मात्र गाणीं ऐकण्याकरितां मालकानें हौसेनें बसविलेला पडद्याचा स्टिरिओ संच समोर असतो. ज्या पडद्यावर गाण्यांचीं नांवें सरकतात त्याच पडद्यावर गाडीची पाठ दिसूं शकेल काय, असा प्रश्न अशा घरांतून निघतो. बहुतेक वेळां त्याचें उत्तर होकारार्थी असतें. आणि खर्चहि नवा संच घेण्यापेक्षां पुष्कळच कमी येतो.

एकंदर काम तीन तारांचें आहे. एक तार कॅमेऱ्याचें चित्र पुढें आणते. दुसरी कॅमेऱ्याला वीज देते. तिसरी संचाला सांगते कीं, आतां गाणें बाजूला ठेव व मागचें दाखव. पहिल्या दोन तारांकडे सर्वांचें लक्ष जातें. तिसरी बारीक असते म्हणून ती अनेकदां तशीच लोंबत राहते. खरें पाहतां सर्व भिस्त तिच्यावर आहे.

परंतु त्याआधीं संचाला चित्र आंत घेण्यास दार आहे किंवा नाहीं तें पाहिलें पाहिजे. बाजारांत मिळणाऱ्या पायोनियर, केनवुड वगैरे पडद्याच्या संचांच्या पाठीमागें बहुधा एक गोल खोबणी असते, आणि तिच्यावर किंवा माहितीपुस्तिकेंत ती कॅमेऱ्याची असल्याचें लिहिलेलें असतें. कॅमेऱ्याच्या तारेचें पिवळें टोक तेथें बसतें. कारखान्यांतूनच संच बसून आलेला असेल तर मामला थोडा अवघड होतो. तेथें वेगळी खोबणी नसते. अनेक पिनांच्या एकाच जोडणींत कॅमेऱ्याची जागा लपलेली असते, आणि ती जागा संचाच्या प्रणालींत बंद ठेवलेली असण्याचाहि संभव असतो. अशा ठिकाणीं त्या विशिष्ट गाडीसाठीं तयार मिळणारी जोडपट्टी घ्यावी. टोयोटाच्या कांहीं मूळ संचांतून कॅमेऱ्याला १२ नव्हे तर ६ व्होल्टच मिळतात. ६ व्होल्टचा कॅमेरा १२ व्होल्टवर लावला तर तो जळून जातो. म्हणून कॅमेरा आधीं आणि चौकशी मागाहून, असा क्रम ठेवूं नये.

चित्राच्या पद्धतीचीहि एक गोष्ट आहे. साध्या कॅमेऱ्याचें चित्र टेलिव्हिजनच्या जुन्या रीतीनेंच तारेंतून येतें. अमेरिकन पद्धतींत एका चित्राच्या ५२५ रेघा असतात व सेकंदाला सुमारें ३० चित्रें येतात; युरोपांत निघालेल्या आणि भारतानें स्वीकारलेल्या पद्धतींत रेघा ६२५ व चित्रें २५. एकीला एनटीएससी व दुसरीला पाल म्हणतात. बहुतेक संच दोन्ही ओळखतात. पण संच एका पद्धतीवर लावलेला व कॅमेरा दुसऱ्या पद्धतीचा असेल, तर चित्र वरखालीं सरकतें किंवा त्याचा रंग उडतो. अधिक रेखीव चित्राचे एएचडी नांवाचे कॅमेरेहि निघाले आहेत. त्यांचें टोक तसेंच पिवळें असल्यामुळें खरेदीदार फसतो. जुना संच त्यांचें चित्र मुळींच दाखवीत नाहीं.

आतां त्या तिसऱ्या तारेविषयीं. गाडी रिव्हर्स गिअरमध्यें टाकली कीं मागचा पांढरा दिवा लागतो. त्या दिव्याच्या तारेंत १२ व्होल्ट येतात ते फक्त तेवढ्याच वेळापुरते. म्हणजे गाडी मागें जाणार ही बातमी त्या तारेला अगोदरच कळलेली असते. तीच बातमी संचाला पोंचवावयाची. संचाच्या मागें असलेल्या तारांच्या झुपक्यांत यासाठीं एक तार राखून ठेवलेली असते. पायोनियर व केनवुड यांच्या संचांत ती जांभळी असून तिच्यावर पांढरी रेघ असते. कॅमेऱ्यालाहि वीज त्याच दिव्यापासून देतां येते. नेहमींचा दिवा २१ वॅटचा, म्हणजे १२ व्होल्टवर पावणेदोन अँपियर घेणारा असतो. कॅमेरा बहुधा एकदशांश अँपियरच्या आसपास घेतो. एवढा भार त्या तारेला जाणवतहि नाहीं. तरी जोडाजवळ एक अँपियरचा फ्यूज घालणें हें शहाणपणाचें.

कित्येक जण ही तार जोडण्याचा त्रास टाळतात. कॅमेरा चावीच्या विजेवर सतत चालूं ठेवतात आणि हवें तेव्हां पडद्यावरील बटण दाबून मागचें दृश्य पाहतात. ही सोय घातक आहे. दहा वेळां बटण दाबलें जातें. अकराव्या वेळीं घाई असते. शिवाय पडद्यावर पाहण्याची एकदां संवय लागली म्हणजे मान वळवून पाहण्याची जुनी संवय सुटत जाते, आणि ज्या दिवशीं चित्र येत नाहीं त्या दिवशीं चालकाजवळ दोन्ही उरत नाहींत. चित्र गिअरबरोबर आपोआप आलेंच पाहिजे. अमेरिकन नियमानें त्यासाठीं दोन सेकंदांची मर्यादा घातली आहे. अँड्रॉइडवर चालणारे कांहीं स्वस्त संच चावी फिरविल्यावर जागे होण्यास अर्धा मिनिट घेतात, आणि तोंपर्यंत पडद्यावर कंपनीचें चिन्ह झळकत राहतें. सकाळीं गाडी सुरू करून लगेच मागें काढण्याची वेळ तर हीच! संच घेण्यापूर्वीं दुकानदाराला तो बंद करून पुन्हां सुरू करावयास लावावा, व लगेच कॅमेऱ्याचें चित्र येतें कीं नाहीं तें स्वतः पाहावें.

प्रत्यक्ष काम धरण्यापूर्वीं बॅटरीची ऋण बाजूची तार काढून ठेवतात. परंतु कांहीं संच वीज तुटली कीं पुन्हां सुरू होतांना गुप्त अंक विचारतात; तो अंक जवळ असल्याची खात्री आधीं करून घ्यावी. गाडींत ज्या तारांवर पिवळें आवरण असतें त्या हवेच्या सुरक्षा-पिशव्यांच्या होत; त्यांना हात लावूं नये. विजेवर चालणाऱ्या व संकरित गाड्यांतील नारिंगी तारा तर जिवावर बेतणाऱ्या असतात.

दिव्याची योग्य तार ओळखण्यास मल्टिमीटर लागतो. त्यासाठीं बॅटरी पुन्हां जोडून, इंजिन बंद ठेवून, हँडब्रेक ओढून, चाकांना अटकाव लावून चावी फिरवावी व रिव्हर्स गिअर टाकावा. तार व गाडीचें लोखंड यांच्यामध्यें १२ व्होल्ट दिसले, आणि गिअर काढतांच शून्य झालें, म्हणजे तार बरोबर सांपडली. लहान गाड्यांत पांढरा दिवा पुष्कळदां एकाच बाजूस असतो, हें विसरल्यामुळें दुसऱ्या बाजूस तासभर शोध करणारे लोक आहेत. नवीन धाटणीच्या कांहीं गाड्यांत दिव्याला सलग वीज न देतां अत्यंत जलद तुकड्यातुकड्यांनीं देतात. दिव्याला तें कळत नाहीं, पण कॅमेऱ्याचें चित्र लुकलुकतें. त्यावर गाळणीचें काम करणारी एक लहान डबी मध्यें घालावी लागते.

जोड देतांना तारेचें आवरण थोडें सोलून, नवी तार गुंडाळून डाग द्यावा आणि वर उष्णतेनें आकसणारी नळी चढवावी. नुसती चिकटपट्टी उन्हाळ्यांत सुटते. कॅमेऱ्याची काळी तार दिव्याच्याच ऋण तारेस जोडावी. ती भलत्याच ठिकाणीं लोखंडाला जोडली तर गाडीच्या पुढच्या व मागच्या भागांतील विद्युत्-पातळीच्या किंचित् फरकामुळें चित्राच्या तारेच्या जाळींतूनहि प्रवाह वाहतो, आणि पडद्यावर आडव्या पट्ट्या फिरूं लागतात. पुष्कळ कारागीर याचा दोष कॅमेऱ्याला देऊन तो बदलतात, आणि पट्ट्या तशाच राहतात.

मागून पुढें तार नेण्याची वाट दारांच्या उंबरठ्यावरील पट्ट्यांच्या खालून असते. डिकीचें झांकण व गाडीचा सांगाडा यांच्यामध्यें एक रबरी नळी असते. गाडीच्या मूळ तारा तिच्यांतूनच जातात, आणि नवी तारहि तिच्यांतूनच न्यावी. झांकण रोज उघडतें व मिटतें, म्हणून तेथें तारेला थोडी ढील ठेवावी. वर्षा-दोन वर्षांनीं चित्र एकाएकीं बंद पडलें तर बहुधा याच वळणांत तार तुटलेली सांपडते. चित्राच्या तारेबरोबर कांहीं संचांत एक बारीक तांबडी तार चिकटलेली येते, आणि ती कशासाठीं आहे हें कोणी सांगत नाहीं. दिव्यापासून संचाच्या जांभळ्या तारेपर्यंत बातमी नेण्यासाठींच ती दिलेली असते. बिनतारी कॅमेरेहि मिळतात. त्यांना पिवळी तार लागत नाहीं, पण आजूबाजूच्या लहरींमुळें चित्र तुटक येतें, आणि येथें तुटक चित्र पत्करणें बरें नव्हे.

पडदा लागला म्हणजे काम संपलें असें नाहीं. चालकाच्या डाव्या हाताची भिंत आरशांत डावीकडेच दिसते. कॅमेरा मात्र मागें तोंड करून बसलेला असतो, आणि मागें तोंड केलेल्याच्या उजव्या हाताला जें असतें तें गाडीच्या डाव्या बाजूचें असतें. म्हणून मागच्या कॅमेऱ्याचें चित्र डावें-उजवें उलटून दाखवावें लागतें. तें कॅमेऱ्याच्या तारेवरील एक लहानसा फांस तोडून किंवा संचाच्या मांडणींत बदल करून साधतें. परीक्षा सोपी आहे: एकानें गाडीमागें डाव्या अंगास उभें राहून हात हलवावा, तो पडद्याच्याहि डाव्याच अंगास दिसला पाहिजे. हें न पाहतां गाडी मागें घेणारा चालक मूल जिकडे आहे तिकडेच चाक वळवील.

मग जमिनीवर खडूनें रेघा माराव्या. बंपरपासून एक, दोन व तीन मीटरवर आडव्या रेघा ओढून, पडद्यावर दिसणाऱ्या रंगीत रेघा त्यांच्याशीं ताडून पाहाव्या. विस्तृत कोनाच्या भिंगांतून वस्तु असते त्यापेक्षां दूर दिसते, म्हणून कारखान्यानें आंखलेल्या रेघांवर न मोजतां विश्वास टाकूं नये. कॅमेरा असा कलता ठेवावा कीं चित्राच्या तळाशीं बंपरची कड किंचित् दिसत राहील. ती दिसली नाहीं तर गाडी कोठें संपते हेंच कळत नाहीं. अमेरिकन नियमांत गाडीमागील १० फूट रुंद व २० फूट लांब जागा पाहण्यासाठीं ०.८ मीटर उंच व ०.३ मीटर व्यासाचीं सात गोल खुंटें मांडतात. ही उंची सुमारें एका लहान मुलाची. घरीं तेवढ्या उंचीची चटईची गुंडाळी उभी करून ती दोन्ही कोपऱ्यांत, बंपरच्या लगत व दूर अशी हलवून पाहावी. जेथें ती दिसेनाशी होते तेथें खडूची खूण करून ती जागा गाडी चालविणाऱ्या घरांतील प्रत्येकाला दाखवावी. हें सर्व झाल्यावरच काढलेल्या पट्ट्या पुन्हां बसवाव्या. पावसाळ्यांत नंबर-प्लेटजवळच्या भिंगावर चाकांनीं उडविलेला चिखल बसतो. गाडी काढण्याआधीं त्यावरून ओला फडका फिरवावा लागतो.