विश्लेषण : डिमरवर एलईडी दिवा का लुकलुकतो?

दिवाणखान्यातला ६० वॅटचा जुना पिवळा दिवा काढून ९ वॅटचा एलईडी लावला आणि भिंतीवरचा डिमर फिरवला, की अनेक घरांत सारखाच अनुभव येतो. प्रकाश मंद होण्याऐवजी दिवा लुकलुकतो, गुणगुणतो किंवा एकदम विझतो. दिवा आणि डिमर दोन्ही चांगले असतात. त्यांची जोडी जुळलेली नसते.

डिमर काय करतो?

घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तने, म्हणजे १०० अर्धी आवर्तने पूर्ण करते. डिमरमधला ट्रायॅक प्रत्येक अर्ध्या आवर्तनाचा काही भाग कापतो. जुन्या दिव्याची तापलेली तार तेवढ्या क्षणात थंड होत नाही, त्यामुळे प्रकाश सलग आणि मंद दिसतो.

एलईडीला ते का चालत नाही?

एलईडी दिव्याच्या आत ड्रायव्हर सर्किट असते. साधा ड्रायव्हर अखंड विजेसाठी बनवलेला असतो. तुटक वीज मिळाली की तो गडबडतो. शिवाय जुन्या डिमरला नीट चालण्यासाठी किमान भार लागतो. एकटा ९ वॅटचा दिवा त्याला पुरत नाही. साधा सीएफएल तर डिमरवर लावूच नये. त्यातले सर्किट तापून बिघडू शकते. पंख्याचा रेग्युलेटरही दिव्यासाठी वापरू नये.

खरेदी करताना काय पाहावे?

दिव्याच्या खोक्यावर ‘डिमेबल’ लिहिलेले असावे आणि डिमर एलईडीसाठीचा असावा. डिमरवरची किमान व कमाल वॅटची मर्यादा वाचावी. डिमर बदलण्याचे काम मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे.

वीज किती वाचते?

रोज पाच तास लावल्यास ६० वॅटचा दिवा ३० दिवसांत ९ युनिट खातो, तर ९ वॅटचा एलईडी सुमारे १.३५ युनिट. म्हणजे मोठी बचत दिवा बदलल्यानेच होते. डिमरने एलईडीची वीज निम्मी केली, तरी महिन्याला आणखी पाऊण युनिटही वाचत नाही. त्यामुळे डिमर घ्यायचा तो डोळ्यांना सुखावणाऱ्या प्रकाशासाठी, बिलासाठी नव्हे. रात्री मंद उजेड एवढीच गरज असेल, तर अर्ध्या वॅटचा वेगळा नाइट लॅम्प हा स्वस्त आणि बिनत्रासाचा मार्ग आहे.