मन लागत नाही, तेव्हा...

‘डोकं जड झालंय, झोप नाही, कशात मन लागत नाही.’ बचत गटाच्या बैठकीला गेलं की हे हमखास कानावर पडतं. मग कुणी बाम सुचवतं, कुणी दृष्ट काढायला सांगतं. नैराश्य हा शब्द मात्र कुणी काढत नाही. तो काढला की पाठोपाठ ‘वेडी’ हा शिक्का बसेल, ही धास्ती!

म्हणून मैत्रिणींनो, गोव्यातला एक प्रयोग सांगते. डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगथ’ संस्थेच्या मंडळींनी तिथल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या 495 रुग्णांचा अभ्यास केला. त्यात बायकाच जास्त. (नवल ते काय!) निम्म्यांना डॉक्टरांचे उपचार, बाकीच्यांना त्याच्या जोडीला समुपदेशन. समुपदेशक कोण, तर मानसशास्त्राची पदवी नसलेली, पण त्यासाठी प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं! सहा ते आठ भेटी, दर वेळी अर्धा-पाऊण तास. सुटून गेलेल्या आवडीच्या गोष्टी थोड्या थोड्या करून पुन्हा सुरू करायच्या आणि केल्यावर कसं वाटलं ते बोलायचं. तीन महिन्यांनी यांच्यातले 64 टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. नुसत्या उपचारांवर असलेल्यांपैकी 39 टक्के. 2017 साली ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं.

‘मन रमव गं कशात तरी’ असं आपल्या सासवा सांगतात, तेच की हे! तसं नाही. जिला उठून केससुद्धा विंचरावेसे वाटत नाहीत, तिला ‘रमव’ म्हणून काय होणार? शेजारी बसून तिची पहिली पायरी तिच्याबरोबर ठरवावी लागते. आणि ‘जीव नकोसा झालाय’ असं कुणी बोललीच, तर वाट बघू नका, तिला डॉक्टरांकडे न्या. 14416 या सरकारी ‘टेलिमानस’ क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फोन करता येतो, मराठीतून.